मधल्या माणसावर थांबू नका, कंपनीला नावानिशी गाठा

अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडमधलं चार माणसांचं एखादं घर घ्या. थोरला मुलगा चाकणच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेला. धाकटा पुण्यात मोटारसायकलवरून पार्सलं पोचवतो. वडील तेल्हाऱ्याच्या कृषी केंद्रातून कपाशीच्या बॅगा आणतात. आईच्या नावावर गटाचं कर्ज आहे. चौघांचाही मोठ्या कंपनीशी व्यवहार आहे, पण कंपनीचा जबाबदार माणूस चौघांपैकी एकानेही पाहिलेला नाही. थोरल्याला ठेकेदार माहीत, धाकट्याला मोबाइलमधलं अ‍ॅप, वडिलांना दुकानदार आणि आईला वसुलीला येणारा पोरगा.

वऱ्हाडाला हे नवं नाही. इंग्रजांच्या काळात इथला कापूस राली ब्रदर्स, फोल्कार्ट ब्रदर्स अशा परदेशी पेढ्या विकत घेत; शेतकऱ्याची गाठ मात्र दलाल-अडत्याशीच पडे. आजही सगळं सुरळीत असतं तोवर मधल्या माणसाची अडचण वाटत नाही. पगार थकला, बी उगवलं नाही, फवारणी करताना कुणी भोवळ येऊन पडलं, की फिरवाफिरवी सुरू होते. ठेकेदार म्हणतो, कंपनीने माझं बिल काढलं नाही. कंपनी म्हणते, हा आमचा कामगारच नाही. दुकानदार म्हणतो, मी तर बंद पाकीट विकलं. कंपनी म्हणते, तुमची पेरणीच चुकली.

कायदा मात्र कंपनीला असं अंग काढून घेऊ देत नाही. पगाराची शेवटची जबाबदारी कुणाची, खराब मालाची भरपाई कुणाकडून, हे त्यात लिहिलेलं आहे. त्याचा उपयोग होण्यासाठी दोन गोष्टी तुमच्याजवळ हव्यात: मूळ कंपनीचं नाव आणि व्यवहाराचा कागद. त्या कशा मिळवायच्या आणि वेळ आली तर कुठे न्यायच्या, ते पुढे क्रमाने सांगतो.

कामाला लागताना

गावातून पोरं निघतात ती ओळखीच्या माणसाच्या शब्दावर. "बारा तास ड्यूटी, खोली कंपनीची, पंधरा हजार हातात" एवढंच ठरलेलं असतं. बॅग भरण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: ज्या कारखान्यात काम करायचं ती कंपनी, ज्याच्या हजेरीपटावर नाव लागणार तो ठेकेदार, आणि दोघांचेही पत्ते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्यानुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. ते मागा. "महिनाभराने देऊ" असं उत्तर आलं, तर तोवर गेटपासचा, हजेरीच्या पानाचा आणि सुपरवायझरने पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपांचा फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवा. तुम्ही तिथे काम केलं हे सिद्ध करायला उद्या हेच पुरावे लागतात.

दहावी-बारावीची मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला किंवा मूळ आधार कार्ड कुणाकडेही ठेवायला देऊ नका. कामाला लावून देण्यासाठी अनामत मागणाऱ्यापासून लांब राहा. पगाराच्या खात्याचं एटीएम कार्ड आणि पिन स्वतःकडेच ठेवा. कार्ड सुपरवायझरकडे असेल, तर पासबुकात पूर्ण पगार दिसतो आणि त्यातला काही भाग कुणीतरी परस्पर काढून घेतो.

पगारपत्रक वाचायला शिका

समजा, भविष्य निर्वाह निधीसाठी धरलेला पगार महिन्याला १४,००० रुपये आहे. कामगाराच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,६८० रुपये. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, ०.७५ टक्के, म्हणजे १०५ रुपये. पुरुष कामगाराचा व्यवसाय कर २०० रुपये (फेब्रुवारीत ३००). ही कपात होऊन हातात १२,०१५ रुपये यायला हवेत. कंपनी किंवा ठेकेदाराने यावर स्वतःच्या खिशातून १२ टक्के पीएफ आणि ३.२५ टक्के ईएसआय भरायचा असतो: १,६८० आणि ४५५, मिळून २,१३५ रुपये. ही रक्कमही तुमच्याच पगारातून कापली, तर हातात ९,८८० उरतात. "पीएफ कापला म्हणून पगार कमी आला" असं सांगतात, तेव्हा कापलेला वाटा एकट्या कामगाराचा आहे की दोघांचा, हे आकडे मांडून पाहा. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही.

कापलेले पैसे खरंच भरले का, हेही तपासा. पीएफचा यूएएन क्रमांक ठेकेदाराकडून मागून घ्या आणि त्याला स्वतःचा मोबाइल जोडा. मग त्याच मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की शिल्लक कळते. महिनोन्महिने आकडा हललाच नसेल, तर पैसे कापले पण भरले नाहीत. त्याची तक्रार भविष्य निर्वाह निधी कार्यालयात होते. अकोल्यातही त्यांचं कार्यालय आहे.

पगारपत्रकात आणखी एक जागा पाहण्यासारखी असते. मूळ पगार पाच हजार आणि उरलेले सगळे "भत्ते" दाखवले की पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी सगळंच कमी होतं. नव्या वेतन संहितेने यावर बंधन आणलं आहे: भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. जादा कामाचा म्हणजे ओटीचा दर दुप्पट आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा. बारा तासांच्या ड्यूटीत आठ तासांचाच पगार मिळत असेल, तर रोजचे तास एका वहीत तारीखवार लिहा. रोजच्या रोज लिहिलेली वही आठवणीपेक्षा भक्कम पुरावा ठरते.

ठेकेदार पळाला तर

ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मुख्य कंपनीने द्यायचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. म्हणून अर्ज लिहिताना ठेकेदारासोबत ज्या कंपनीत काम केलं तिलाही पक्षकार करा. काम चाकणला केलं असेल तर अर्ज पुण्याच्या कामगार कार्यालयात. अकोल्यातल्या मॉलमध्ये किंवा गोदामात केलं असेल तर अकोल्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. राजीनामा दिला किंवा कामावरून काढलं, तरी राहिलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत देण्याची तरतूद आहे. "फुल अँड फायनलला तीन महिने लागतात" हे निमूट ऐकून घेऊ नका. कोऱ्या कागदावर किंवा "सर्व रक्कम मिळाली" असं आधीच लिहिलेल्या पावतीवर पैसे हातात पडल्याशिवाय सही करू नका.

कामावर बोट गेलं, पाय मोडला, तर दवाखान्याच्या केसपेपरवर "कामावर असताना अपघात" हे शब्द आले पाहिजेत. सुपरवायझर सोबत येतो आणि "घरी पडला असं सांग, खर्च आम्ही करू" म्हणतो. पहिल्या मलमपट्टीचा खर्च तो करतोही; पण कायमचं अपंगत्व आलं तर भरपाईचा मार्ग त्या एका वाक्याने अडतो. कामावर जाता-येताना झालेला अपघातही आता सामाजिक सुरक्षा संहितेत धरला आहे.

पार्सल पोचवणाऱ्या मुलांना कंपन्या कामगार म्हणत नाहीत, "भागीदार" म्हणतात. तरी त्यांच्यासाठी या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, असं याच संहितेत आहे. त्याचा लाभ नोंदणी असणाऱ्यालाच मिळेल, म्हणून ई-श्रम पोर्टलवर नाव घाला. रोजच्या कमाईचे आणि दंडाचे स्क्रीनशॉट ठेवा. आयडी बंद झाला की अ‍ॅपमधली सगळी माहिती हातातून जाते.

बियाण्याचं पाकीट

२०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात कपाशीच्या ठरावीक वाणासाठी कृषी केंद्रांपुढे रांगा लागल्या होत्या. बीटी कपाशीच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली कमाल किंमत तेव्हा ८६४ रुपये होती आणि जादा दराने विक्रीच्या तक्रारी होत होत्या. टंचाईत शेतकरी बिल मागत नाही, मिळालं यातच समाधान मानतो. नेमकं तेव्हाच बिल सगळ्यांत जास्त गरजेचं असतं.

बिलावर वाणाचं नाव, कंपनीचं नाव, लॉट नंबर, दर आणि तारीख हवी. दुकानदाराने बिल देणं बियाणे नियंत्रण आदेश १९८३ नुसार बंधनकारक आहे. साठा आणि भाव यांचा फलक लावणंही. पाकीट फोडताना लेबल फाटू देऊ नका, खालच्या बाजूने फोडा. रिकामं पाकीट, त्यातला टॅग आणि मूठभर बी कोरड्या डब्यात पीक हाती येईपर्यंत राहू द्या.

उगवण झाली नाही तर लगेच नांगर घालू नका. तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. त्यात कृषी विभागाचे अधिकारी, विद्यापीठाचे शास्त्रज्ञ असतात. कंपनीच्या प्रतिनिधीलाही बोलावतात. पंचनाम्यात लॉट नंबर, पेरणीची तारीख, पाऊस आणि उगवणीची टक्केवारी लिहिली आहे ना, हे पाहूनच सही करा. अहवालाची प्रत मागून घ्या, कारण पुढची सगळी लढाई त्या प्रतीवर चालते. २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ते शक्य झालं, कारण शेतकऱ्यांनी तक्रारी लेखी केल्या होत्या.

कंपन्यांचे वकील दोन मुद्दे हमखास काढतात. पहिला: शेतकरी धंद्यासाठी बी घेतो, तो ग्राहक नव्हेच. दुसरा: बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे. आणि सगळं बी पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी वेगळं बी राखावं अशी अपेक्षा धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तरीही ती मूठ ठेवायला मी सांगतो, कारण निकाल हाताशी असला तरी पुरावा जितका जास्त तितकं भांडण लवकर संपतं.

खताचं लिंकिंगही याच जातीचं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळायला हवी; पण सोबत नको असलेली बाटली किंवा सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी घ्यावी लागते. दुकानदार म्हणतो, कंपनी मलाच घ्यायला लावते, आणि बरेचदा ते खरंही असतं. एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच, अशी सक्ती ग्राहक संरक्षण कायद्याने निर्बंधक व्यापारी प्रथेत धरली आहे. बाटली घ्यावीच लागली, तर ती बिलावर वेगळी लिहून घ्या. तक्रारीचा पुरावा तिथेच तयार होतो. दुकानदाराशी वैर नको; त्यालाही कंपनीविरुद्ध लेखी तक्रार करायला तयार करता आलं, तर उत्तम.

गटाचं कर्ज

सूक्ष्म वित्त कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट नियम घालून दिले. घराच्या सगळ्या कर्जांचे मासिक हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला यायचं नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना छळणं हे सगळं बंद. व्याज, शुल्क, हप्ते यांची माहिती कर्जदाराला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. संमतीशिवाय विमा किंवा दुसरी कुठलीही वस्तू कर्जाला जोडायची नाही.

वसुलीवाला दारात बसून राहिला, तर बायाबापड्या घाबरून दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरतात. तसं करू नका. त्या पोराशी भांडूनही उपयोग नाही. तोही थोड्या पगारावर, वसुलीच्या टार्गेटखाली काम करतो. तारीख, वेळ आणि तो काय बोलला ते लिहून ठेवा. कर्जाच्या कार्डावर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो, तिथे तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठीचा माहिती क्रमांक १४४४८.

फवारणी

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. औषध विकत घेणारा शेतकरी आणि ते फवारणारा रोजंदारीचा मजूर, दोघांनाही या विषबाधेने गाठलं. त्यातल्या ५१ जणांच्या वतीने २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध तिथल्या सरकारच्या तक्रार केंद्रात दाद मागण्यात आली, आणि एक वाचलेला शेतकरी व दोन मृतांच्या पत्नींनी तिथल्याच बासेल शहरात वेगळी कायदेशीर कारवाई सुरू केली. आपल्या औषधामुळे हे झालं, हे कंपनीने नाकारलं. यवतमाळची माणसं बासेलपर्यंत पोचू शकली, त्याला मोठा आधार पोलिसांच्या कागदांवर नोंदलेल्या औषधाच्या नावाचा होता.

म्हणून फवारणीच्या दिवशी डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग आधी पाहा: लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. मजुराला हातमोजे, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे देणं शेतमालकाचं काम आहे. डबा फेकू नका. कुणाला मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच्यासोबत डबाही दवाखान्यात न्या. डॉक्टरांना औषधाचं नाव कळलं तर उपचार नेमका होतो आणि केसपेपरवर ते नाव येतं.

तक्रार कशी लिहायची

पहिलं पत्र थेट कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला. पत्ता पाकिटावर, बिलावर किंवा करारावर असतो. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. मजकूर एवढाच पुरतो:

"मी अमुक तारखेला अमुक विक्रेत्याकडून आपल्या कंपनीचं अमुक वाणाचं बियाणं, लॉट नंबर अमुक, इतक्या रुपयांना घेतलं. बिलाची प्रत सोबत आहे. अमुक तारखेला पेरणी केली. तालुका समितीच्या अहवालानुसार उगवण इतके टक्के आहे. यामुळे माझं इतकं नुकसान झालं. पंधरा दिवसांत भरपाई द्यावी, अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागावी लागेल."

राग आला असला तरी पत्रात घालू नका. तारखा आणि आकडे घाला. पगाराचं पत्रही याच साच्यात बसतं.

उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर मराठीत तक्रार नोंदवा. तिथेही तड लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे कंपनीचं कार्यालय मुंबईत असो की हैदराबादेत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे अकोल्यात, तक्रार दाखल होते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ५० लाखांपर्यंतचे व्यवहार जिल्हा आयोगात चालतात. मुदत दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ई-जागृती पोर्टलवर घरूनही तक्रार भरता येते.

वकील हवाच असेल तर महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समितीत विचारा किंवा १५१०० वर फोन करा.

एकट्याने लढू नका

अचलपूरची फिनले मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली. सरकारी महामंडळाच्या त्या गिरणीतल्या कामगारांनाही पगारासाठी पुन्हा पुन्हा एकत्र येऊन आंदोलनं करावी लागली. कायम नोकरीवाल्यांची ही गत, तर ठेकेदाराकडच्या एकट्या पोराचं कोण ऐकणार? एकाच लॉटचं बी घेतलेल्या दहा शेतकऱ्यांनी एकत्र तक्रार दिली, तर "तुमची पेरणी चुकली" हे उत्तर दहा जणांना देता येत नाही. एकाच ठेकेदाराच्या बारा पोरांनी एका अर्जावर सह्या केल्या, तर एकाला गुपचूप काढून टाकता येत नाही. शेतकरी गट, बचत गट, तरुण मंडळं गावात आहेतच. त्यांच्या बैठकीत वर्षातून दोनदा हा विषय घ्या. खरीप पेरणीच्या आधी एकदा आणि दिवाळीत, पोरं गावी आलेली असतात तेव्हा एकदा.

आणि आपण ग्राहक असतो तेव्हा समोरच्या कामगाराशीही नीट वागू या. केरळमध्ये कापड दुकानांतल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर बसू देत नसत. त्यांनी संघटना बांधून लढा दिला आणि २०१८ मध्ये त्यांना बसण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडच्या दुकानात एखादी मुलगी स्टुलावर बसली म्हणून मालकाकडे तक्रार करू नका. पार्सल उशिरा आलं म्हणून पोराला एक तारा देऊ नका. तुमच्या एका ताऱ्यावर त्याचं काम सुटू शकतं. तक्रार असेल तर कंपनीकडे करा, नाव घेऊन, लेखी.

हे सगळं एका दिवसात होणार नाही. सुरुवात पुढच्या खरेदीपासून करा: दुकानात उभं राहून पक्कं बिल मागा आणि ते हातात पडल्याशिवाय निघू नका. मागे रांगेत उभा असलेला माणूसही मग बिल मागतो.